फोटो नीट आला का, ताई?

खरं सांगा, शेवटची चप्पल तुम्ही दुकानात जाऊन, पायात घालून कधी घेतलीत? आठवायला वेळ लागतोय ना? मलाही लागला. आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर रोज दुपारी खोक्यांचा डोंगर उभा राहतो. कुणाची जीन्स, कुणाचं प्रोटीन पावडर, कुणाच्या बाळाचे डायपर. सिक्युरिटीच्या काकांना आमची आडनावं एचआरपेक्षा जास्त पाठ आहेत. मीही त्यातलीच. टूथपेस्टपासून टेबललॅम्पपर्यंत सगळं अंगठ्यानं विकत घेणारी.

मग परवा शनिवारी लक्ष्मी रोडला कशी काय गेले? साडीमुळे. आतेबहिणीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. रात्री साडेअकराला, अर्धवट झोपेत, एक साडी ऑर्डर केली. रंगाचं नाव होतं ‘वाइन’. खोकं उघडलं, तर साडी सही होती, पण वाइन काही नव्हती. आणि सोबतचं ब्लाउजपीस तर साडीच्या कुळातलंच वाटेना. आई म्हणाली, “परत नको पाठवू, पोत चांगला आहे. लक्ष्मी रोडला जा, मॅचिंग मिळेल. येताना फॉल-पिको करून आण. ते काही तुझा फोन करून देणार नाही.”

बोचलं. पण पॉइंट होता.

आधी खाली, मग वर

पूर्वी लक्ष्मी रोडला जायचं म्हणजे पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जायचा. गाडी लावायची कुठेतरी नारायण पेठेत, मग चालत यायचं आणि सगळा वेळ ‘टोइंगवाला आला नसेल ना’ ही धाकधूक. ऑनलाइननं लक्ष्मी रोडचं गिऱ्हाईक पळवलं असं सगळे म्हणतात. माझं मत विचाराल तर त्यातलं बरंचसं पार्किंगनंच आधी पळवून ठेवलं होतं!

आता तो बहाणा उरला नाही. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो भुयारातून स्वारगेटपर्यंत जाते आणि मध्येच मंडई स्टेशन लागतं. मी वनाजला बसले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली. तिथे सरकत्या जिन्यांनी खाली, आणखी खाली, जमिनीपासून तब्बल ३३ मीटर खोल उतरायचं. मग फक्त दोन स्टेशनं. बाहेर आले तर समोर महात्मा फुले मंडई. तीच अष्टकोनी, १८८०च्या दशकातली दगडी इमारत. कोथिंबिरीचा वास नाकात शिरला आणि लहानपणीची दिवाळीची खरेदी आठवली. आईचा हात, हातातल्या चार पिशव्या आणि माझी ‘कंटाळा आला’ची रेकॉर्ड.

मंडईतून तुळशीबागेत शिरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मध्यभागी पेशवाईतलं राममंदिर, नारो अप्पाजी खिरे ऊर्फ तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं. आणि त्याच्या चहूबाजूंनी क्लिपा, कानातली, टिकल्या, पितळी समया, देवांची वस्त्रं, भातुकली. मला वाटलं होतं, आता इथे शुकशुकाट असेल. कसला शुकशुकाट! कॉलेजच्या मुलींनी गल्ली जाम करून टाकलेली. फरक एवढाच, की वीस रुपयांच्या क्लिपेलाही आता क्यूआर कोड. पैसे आल्याचं सांगणारा तो स्पीकर एका टपरीत बोलला की पलीकडच्या टपरीतला लगेच उत्तर देतो.

तुळशीबाग का टिकली, याचा माझा फंडा ऐका. अ‍ॅपवर १,९९९ रुपये किंमतही तेच सांगतात आणि ‘सत्तर टक्के सूट’ही तेच देतात. आपण फक्त खूश व्हायचं. तुळशीबागेत निदान भाव करायची आपली बाजू आपल्याला मांडू देतात! शिवाय वीस रुपयांच्या क्लिपेला कुरिअरचा खर्च परवडणार कसा? ज्या वस्तूपेक्षा तिचं पार्सल महाग, ती वस्तू गल्लीतच विकली जाणार.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी सगळ्यांना वाटायचं, आता मॉल या रस्त्याला खाणार. २००१ मध्ये सुरू झालेला बिग बझार तेव्हा या भीतीचं दुसरं नाव होता. २०२२ मध्ये त्या पाट्याच उतरल्या. तुळशीबागेतल्या क्लिपा अजून आहेत.

वाइन नाही, वांगी

लक्ष्मी रोडवरचं मॅचिंग सेंटर तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा नक्की बघा. भिंतभर कापडाच्या थप्प्या. नुसत्या हिरव्याचेच पन्नासेक हिरवे. मी पिशवीतून साडीचा पदर काढून काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, “काका, वाइन कलरमध्ये रुबिया दाखवा.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “वाइन कुणी सांगितलं?”

“साइटवर लिहिलं होतं.”

“लिहू दे. हा वांगी आहे.”

वर न बघता त्यांनी हात मागे नेला आणि तीन थप्प्या ओढल्या. पहिल्या दोन माझ्या डोळ्यांना अगदी सेम वाटल्या. काका म्हणाले, “इथल्या दिव्यावर जाऊ नका. उन्हात बघा.” आणि काउंटरची फळी उचलून स्वतःच कापड घेऊन पायरीवर आले. उन्हात दोन्ही कापडं उघडी पडली. एक लालसर, एक निळसर. तिसरं मात्र पदरावर ठेवल्याबरोबर दिसेनासंच झालं. सगळं मिळून दोन मिनिटं.

आता हे फोनवर का जमत नाही, ते बघा. साडीचा फोटो स्टुडिओच्या लाइटमध्ये निघतो, मग कुणीतरी तो अजून चकचकीत करतं आणि शेवटी तो तुमच्या स्क्रीनच्या ब्राइटनेसवर दिसतो. तीन ठिकाणी रंग बदलतो. चौथा बदल आपल्या साडेअकराच्या झोपेचा!

मी न राहवून विचारलंच, “ऑनलाइनमुळे धंदा कमी झाला असेल ना?”

“साड्यांच्या दुकानात विचारा ते,” काका कापड फाडत म्हणाले. “आमच्याकडे आता ऑनलाइन साड्याच जास्त येतात. साडी कुठूनही येऊ दे, फॉल इथलाच लागतो.”

कापडाचे पैसे दिले. शेजारच्या बोळात मशिनवर बसलेल्या ताईंकडे फॉल-पिकोला साडी टाकली. “सहाला या,” त्या म्हणाल्या. घड्याळात दुपारचा एक वाजत होता.

दुपारी एक! जुन्या पुण्यात याचा अर्थ एकच असायचा: घरी जा. एक ते चार दुकानं बंद. पण खुद्द चितळे बंधूंनीही २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हाच ओळखायला हवं होतं की काहीतरी बदलतंय. अ‍ॅप दुपारी झोपत नाही. मग रस्त्यानंही झोप सोडली.

पोटमाळ्यावरचं न्यू जर्सी

पाच तास हाताशी होते. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनात मिसळ खाल्ली आणि मग आई जिथून साड्या घेते त्या दुकानात शिरले. खालच्या गाद्यांवर दोनच गिऱ्हाइकं. पूर्वी लग्नसराईत इथे बसायला जागा मिळायची नाही. मालकांनी मला ओळखलं (म्हणजे आईची मुलगी म्हणून) आणि चहा मागवला. “वर जाऊन बघा, आमचा खरा धंदा आता वर चालतो,” ते म्हणाले.

पोटमाळ्यावर एक गोल दिवा, फोनचा स्टँड आणि त्यांच्या सूनबाई. खांद्यावर एकेक साडी टाकत त्या कॅमेऱ्याशी बोलत होत्या. पलीकडे न्यू जर्सीतल्या एक काकू, तिकडे भल्या पहाटे, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधत होत्या. “काठ जवळून दाखव ना गं. आणि उलट्या बाजूनं.” कोपऱ्यात पार्सलं बांधून तयार. नाशिक, नागपूर, दुबई.

“मग अ‍ॅपवर का नाही विकत?” मी विचारलं.

“विकून झालं,” मालक म्हणाले आणि बोटांवर हिशेब मांडला. कंपनीचं कमिशन, पाठवण्याचा खर्च, जाहिरातीत वर दिसायचे वेगळे पैसे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे परत आलेला माल. “लग्नात नेसतात आणि परत पाठवतात हो! घडीला पावडरचा वास येतो. ती साडी मी कुणाला विकू?”

इथे एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन कंपन्यांना आपल्या कायद्यानुसार साधारणपणे स्वतःचा माल ठेवून थेट ग्राहकाला विकता येत नाही. त्या फक्त बाजार भरवतात, विकणारा दुसराच कुणीतरी असतो. म्हणजे तुम्ही बेडवर लोळत मागवलेली साडी भिवंडीच्या अवाढव्य गोदामातून येते तशी एखाद्या पेठेतल्या पोटमाळ्यावरूनही आलेली असू शकते. अगदी छोट्या दुकानदारांना ही दारं बराच काळ बंदच होती, कारण ऑनलाइन माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली.

आणि गंमत म्हणजे वाहतूक उलट दिशेनंही चालू आहे. फर्स्टक्राय ही आपल्या पुण्याची कंपनी, २०१०ची. सुरुवात वेबसाइटवर, पण आज तिची दुकानं गावोगावी दिसतात. चष्मेवाल्या लेन्सकार्टचंही तसंच. दुकानवाले फोनमध्ये शिरतायत आणि फोनवाले दुकानं थाटतायत. बाळाची गादी हातानं दाबून बघायची असते आणि चष्मा नाकावर बसवून घ्यायचा असतो, हे त्यांनाही कळलं.

चौकात पुन्हा एक फोटो

तिथून बाजीराव रोडनं चालत अप्पा बळवंत चौकात आले. आम्हा पुणेकरांचा एबीसी. आपल्याकडच्या ऑनलाइन खरेदीचा मोठा बार उडाला तो पुस्तकांवरच. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं तेव्हा फक्त पुस्तकं विकायचं. त्यानंतर देशभरातली किती लाडकी दुकानं गेली! पुण्यातलं मॅनीज २०१२ मध्ये, मुंबईतलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये. प्रत्येकाची कारणं वेगवेगळी असतील, पण गेली.

एबीसी मात्र गजबजलेलाच. एक कारण सोपं आहे. इथे छापील किमतीवर सूट द्यायची पद्धत आधीपासूनच होती, त्यामुळे डिस्काउंटचं कौतुक ऑनलाइनवाल्यांनी आम्हाला शिकवायची गरज नव्हती. दुसरं कारण काउंटरवर उभं होतं. एमपीएससी करणारा एक मुलगा. पाठीवर सॅक, डोळ्यांखाली जागरणं. त्यानं विचारलं, “सर, यातलं पॉलिटीसाठी कुठलं घेऊ?” विक्रेत्यानं तीन पुस्तकं पुढे ठेवली. मग एक स्वतःच बाजूला केलं. “ही जुनी आवृत्ती आहे, घेऊ नको. हे दोन चाळून बघ.”

मुलानं दहा मिनिटं चाळलं. मग मुखपृष्ठाचा फोटो काढला, “येतो” म्हणाला आणि गेला.

विक्रेत्यानं पुस्तकं परत जागेवर लावली. काही बोलला नाही. आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तो मुलगा म्हणजे मीच होते.

२०१६ची गोष्ट. दिवाळीच्या आधी, पहिली नोकरी, ऑफिससाठी काळे शूज हवे होते. लक्ष्मी रोडच्या एका बोळातलं चपलांचं दुकान. मालक सत्तरीचे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. पाच खोकी काढली. स्टुलावर बसून स्वतः पट्टा लावून दिला. “चालून बघा. टाच उचलली जातेय का?” शेवटी एक जोड अगदी परफेक्ट बसला. मी खोक्यावरचं लेबल हळूच फोनसमोर धरलं. बॅटरीनं भरलेल्या त्या दुपारच्या अंधारात फ्लॅश उडाला.

काका म्हणाले, “फोटो नीट आला का, ताई? नाहीतर ट्यूब लावतो.”

आवाजात राग अजिबात नव्हता. टिपिकल पुणेरी. मी “नाही, आईला दाखवायचा होता” असं काहीतरी पुटपुटले आणि सटकले. रात्री तोच जोड ऑनलाइन मागवला. ३५० रुपये वाचले. मैत्रिणींना हा किस्सा ‘काय सॉलिड टोमणा मारला’ म्हणून कित्येकदा सांगितला. हशाही मिळवला.

साइज पाच

म्हणून त्या शनिवारी मनात ठरवलंच होतं. लग्नासाठी सँडल घ्यायच्या, त्याच दुकानातून, सांगतील त्या भावात. एबीसीतून परत फिरले, तो बोळ शोधला. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. भिंतभर.

शेजारच्या स्टेशनरीवाल्यांना विचारलं. “ते होय? लॉकडाउननंतर उघडलंच नाही त्यांनी,” ते म्हणाले. “आहेत, बरे आहेत. मुलाकडे असतात. मुलाला यात यायचं नव्हतं. भाडं वाढलं. लोकं येऊन बघून जायची, घ्यायची नाहीत. कुठल्या एका गोष्टीनं थोडंच बंद पडतं दुकान.”

बरोबर आहे. माझ्या ३५० रुपयांनी दुकान बंद पडलं नाही. पण मी त्या ‘लोकं’मधली एक होते, एवढं नक्की.

मेट्रोत बसल्यावर सुचलेला हिशेब सांगते. आपण समजतो, दुकानातला जोड ३५० रुपयांनी महाग होता. तसं नव्हतं. त्यात जोडाची किंमत होती, आणि पाच खोकी काढायची, पट्टा लावायची, डावा पाय मोठा आहे हे ओळखायची किंमत होती. बिलावर दोन्ही एकाच आकड्यात लिहिलेलं असायचं, म्हणून आपल्याला ते कधी दिसलं नाही. फोननं हे दोन आकडे वेगळे केले. जोड आपण तिकडून घेतला आणि काकांचा वेळ फुकट वापरला. काकांनी मात्र ट्रायल रूमचं भाडं दर महिन्याला भरलं.

आता परत त्या रस्त्याकडे बघा. कोण टिकलंय? फॉल-पिकोवाल्या ताई, ज्या फक्त कामाचेच पैसे घेतात. मॅचिंगवाले काका, ज्यांची नजर कापडाबरोबरच विकली जाते. मंगळसूत्र गाठवून देणारे, ब्लाउज शिवणारे, घड्याळाचा पट्टा कापून मापात बसवणारे. ज्यांची नजर आणि मेहनत आपण फोटो काढून घरी नेऊ शकतो, ते गेले किंवा जाण्याच्या वाटेवर आहेत. त्यात चपलावाले आहेत, पुस्तकवाले आहेत, मिक्सर चालवून दाखवणारेही आहेत.

मी उद्यापासून अ‍ॅप डिलीट करणार, असलं काही लिहिणार नाही. खोटं ठरेल. टूथपेस्ट आणि टेबललॅम्प अंगठ्यानंच येणार. आजारी आजीची औषधं रात्री घरपोच येतात तेव्हा मी त्या डिलिव्हरीवाल्या दादाला मनापासून थँक्यू म्हणते. पण एक नियम मात्र केलाय. ज्यानं सल्ला दिला, त्याच्याकडूनच घ्यायचं. आणि ऑनलाइनच घ्यायचं असेल तर दुकानात जाऊन कुणाला पाच खोकी काढायला लावायची नाहीत. बस्स, एवढंच.

बोळाच्या तोंडाशी चपलांचं दुसरं एक दुकान होतं. आत गेले. मालक माझ्याच वयाचे. “डावा पाय जरा मोठा आहे, पाच बघा, नाहीतर सहा,” मी सांगितलं. ते हसले. “हे कुणी सांगितलं तुम्हाला? बरोबर आहे.” चौथा जोड बसला. भाव ऐकला, फोनला हात लावला नाही, पैसे दिले. मग विचारलं, “आईला फोटो पाठवायचाय, काढू?”

“काढा की. थांबा, लाइट लावतो.”

सहा वाजता साडी तयार होती. फॉलचा टाका पदराच्या बाजूनं दिसतसुद्धा नव्हता. आईला दोन्हीचे फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, “वांगी कलर छान आहे.”

जायचं असेल तर...

कसं जाल : मेट्रोनं मंडई स्टेशन. वनाज किंवा रामवाडीकडून येत असाल तर सिव्हिल कोर्टला गाडी बदला. पिंपरीकडून थेट. गाडी नेण्याचा मोह टाळा.

कधी जाल : शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास. गणपती आणि दिवाळीच्या आधीचा रविवार फक्त शूरांसाठी. महापालिका २०२१ पासून दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते, तेव्हा लक्ष्मी रोडचा काही भाग वाहनांना बंद असतो. रस्त्याच्या मधोमध चालण्याचा चान्स सोडू नका.

काय न्याल : ज्याला मॅचिंग हवं ते कापड सोबत न्या, त्याचा फोटो नको. आणि कापडी पिशवी.

काय घ्याल : ब्लाउजपीस, फॉल, समई, भातुकली, एबीसीतून पुस्तकं.

काय विसराल : दुकानातून बाहेर पडेपर्यंत फोन.